शूर की बधिर

तीर्थरूप दादा यांचे सेवेशी,

धाकट्याचा नमस्कार. इकडे आम्ही दोघं खाऊनपिऊन सुखी आहोत. तुझा गुडघा जिने चढू देतो का, खोकला गेला की बिऱ्हाड करून राहिला, आणि वहिनींच्या चष्म्याचा नंबर ठरला का, ते कळव. (मायन्यात ‘सेवेशी’ लिहिलं, कारण वडिलांनी आपल्याला तसंच शिकवलं होतं. पुढे मात्र ‘तू’च लिहितो. नाहीतर चार पानं वाचूनही तुला वाटत राहायचं की शेजारच्यांचं पत्र चुकून आपल्याकडे आलं.)

फोन असताना हा कागद कशाला, असं तू म्हणशील. म्हणशील कसला, मनात आणशील. दादा, फोनवर तू पहिल्यांदा ‘हं’ म्हणतोस, दुसऱ्यांदा ‘हं’ म्हणतोस आणि तिसऱ्यांदा ‘घे, हिच्याशी बोल’ म्हणून मोकळा होतोस. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला ‘वर’, ‘खाली’ आणि ‘थांब’ एवढ्या तीन शब्दांत संसार करता येतो हे मला मान्य आहे. पण मला जे सांगायचं आहे ते त्या तीन शब्दांत मावत नाही. शिवाय मजकूर असा आहे की तो फोनवरून वहिनींच्या कानावर घालायला माझी जीभ रेटणार नाही. तेव्हा हे पत्र एकट्याने वाच.

तर झालं असं. दोन महिन्यांपूर्वी आम्ही नवराबायको सिनेमाला गेलो होतो. मध्यंतराच्या आत मी तीनदा उठून बाहेर जाऊन आलो. पहिल्यांदा रांगेतल्या लोकांनी पाय आखडून वाट दिली, दुसऱ्यांदा सुस्कारे टाकले आणि तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा त्यांनी आपापसांत ठरवून कडेची खुर्ची माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. सिनेमात कोण कुणाचा मुलगा निघाला ते मला आजतागायत माहीत नाही. तुझ्या भावजयीला मात्र शेजारी बसून दुसरंच काही कळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला उपाशीपोटी रक्त तपासायला नेलं. प्रोस्टेट नावाची जी ग्रंथी आपण चारचौघांत काढत नाही, तिचा एक आकडा असतो. तो चाराच्या आत असावा. माझा साडेसात आला. म्हणजे परीक्षेत जन्मभर जे जमलं नाही, ते इथे जमलं: लागतात त्याच्या जवळजवळ दुप्पट.

मग मूत्रमार्गाच्या सर्जनकडे गेलो. त्या निघाल्या बाई. चाळिशीच्या, उंच, केस घट्ट बांधलेले, टेबलावर एकसुद्धा कागद जास्तीचा नाही. त्यांनी बोटाने तपासलं (त्याबद्दल मी लिहिणार नाही, तूही विचारू नकोस) आणि म्हणाल्या, त्या ग्रंथीचे बारीक बारीक बारा तुकडे सुईने काढून तपासायला पाठवावे लागतील. बाराच का, असं मी विचारलं. आयुष्यभर मी एका वेळी एकच दात काढत आलो, डझनाचा हिशेब मला नवा होता. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, एकाच खिडकीतून बघितलं तर घरात कोण आहे ते कळत नाही.

आता माझी पहिली चूक. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी नुसतं ‘डॉक्टर’ लिहिलं. खोटं काही नाही त्यात, पण ‘दातांचा’ हा शब्द मी गाळला. वाटलं, जरा मान मिळेल. मान मिळाला, पण असा मिळाला की कुणी मला काही समजावूनच सांगेना. आधीच्या पेशंटला सिस्टर वीस मिनिटं सगळं सांगत होत्या. माझा फॉर्म बघून म्हणाल्या की सर, तुम्हाला काय सांगायचं, आणि एक छापील कागद व एक छोटी बाटली हातात देऊन पुढच्याला हाक मारली. मीही असा चेहरा केला की जणू रोज सकाळी याच बाटलीने माझा दिवस सुरू होतो.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी ती बाटली उघडून पेल्यात ओतली. त्यात अर्धा पेला पाणी घातलं, चमच्याने ढवळलं आणि नाक दाबून तोंडाला लावणार इतक्यात समोर बसून तो छापील कागद वाचणारी तुझी भावजय मान वर न करता म्हणाली, “ते तोंडाने नाही.” (दादा, माझी बाजूही समजून घे. अडतीस वर्षं माझ्या दवाखान्यात जी बाटली आली ती तोंडासाठीच आली. शरीराला दुसरंही टोक असतं, याचा माझ्या धंद्याशी कधी संबंध आला नाही.) मग दुकानात जाऊन दुसरी बाटली आणावी लागली. दुकानदाराने विचारलं, पहिलीचं काय झालं? सांडली, म्हणून सांगितलं.

इस्पितळात पोचलो तर लिफ्ट बंद. (तुझ्या वेळी असं होत नसे.) तीन मजले चढून गेलो, तिथे एका पडद्याआड कपडे बदलायला दिले. तो जो पातळ निळा झगा असतो त्याला नाड्या असतात. मी तो दवाखान्यातल्या कोटासारखा घातला, म्हणजे नाड्या पुढे, आणि भारदस्तपणे बाहेर आलो. बाकावर दोन बायका बसल्या होत्या. त्यांनी एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. सिस्टरने माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला वळवलं, परत पडद्याआड नेलं आणि झगा फिरवून बांधून दिला. तेव्हा मी हळूच सांगून टाकलं की मी दातांचा डॉक्टर आहे. त्या म्हणाल्या, “मला पायऱ्यांवरच वाटलं होतं.” पायऱ्यांवरून हे कसं कळतं ते मला अजून उमगलेलं नाही. पण त्यानंतर त्यांनी माझ्याशेजारी बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि मीही गुपचूप ऐकलं.

मला भीती वाटत होती का? हो, वाटत होती. तिचं कारण तुला सांगतो. तुला ठाऊक आहे, सुई टोचताना माझं एक ठरलेलं वाक्य होतं: मुंगी चावल्यासारखं वाटेल. माझ्या सगळ्या पेशंटांना ते पाठ होतं आणि त्यांतल्या एकालाही आयुष्यात तशी मुंगी भेटली नव्हती. (एक मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या की डॉक्टर, तुमच्याकडची मुंगी एकदा आमच्या जीवशास्त्राच्या बाईंना दाखवायला हवी.) तेव्हा डॉक्टर सुईबद्दल जे बोलतात त्याची किंमत काय, हे माझ्याइतकं त्या मजल्यावर कुणालाच माहीत नव्हतं.

पलीकडच्या खाटेवर माझ्यासारखाच निळ्या झग्यातला एक गृहस्थ होता. निवृत्त बसचालक. बोलका माणूस. बोलताना दोन्ही हात समोर धरायचा, जणू स्टिअरिंग अजून सुटलेलं नाही. त्याची ही दुसरी खेप होती. पहिली दहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी, दुसऱ्या इस्पितळात. मी सहज विचारलं की त्या वेळी कसं झालं होतं. तर म्हणाला, त्या वेळी नुसतं थंड जेल लावलं होतं, बधिर करायचं इंजेक्शन वगैरे काही नाही. बारा थांबे. प्रत्येक थांब्यावर खटका, प्रत्येक खटक्याला वाटायचं आता उठावं आणि चालू गाडीतून उडी टाकावी. सातव्या थांब्याला त्याने खाटेची कड इतकी घट्ट धरली की नंतर बोटं सरळ होईनात. डॉक्टर म्हणत होते, झालं झालं, आणि होत काही नव्हतं. हे सगळं तो हसत हसत सांगत होता, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल सांगावं तसं. मी विचारलं, घरी गेल्यावर कुणाला सांगितलंत का?

तो म्हणाला, “कुणी विचारलंच नाही.”

दादा, इथे मला तू आठवलास. बारा वर्षांपूर्वी तुझी हीच तपासणी झाली होती. आमच्याच गावी, जुन्या इस्पितळात, आणि तिथून तू संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आलास. मुलं होती, जावई होते, घर भरलेलं. तू खुर्चीच्या कडेला एका बाजूने टेकून बसलास आणि हातात ताट धरून जेवलास. मी तुझ्याकडे बघून म्हणालो, काय दादा, खुर्चीला खिळा आहे का? आणि सगळ्यांना समजावून सांगितलं की एवढीशी सुई असते, मी दिवसाला तीस टोचतो, आणि आमचे दादा चाळीस मजल्यांच्या बोगद्यात लोंबकळतात पण सुईला घाबरतात. सगळे हसले. तूही हसलास. मग दोन दिवस तू आमच्याकडे पालथा झोपलास, आणि ती गोष्ट मी पुढे सहा महिने दवाखान्यात प्रत्येक पेशंटला सांगितली. रिपोर्ट चांगला आला म्हणून सगळं विसरलं गेलं. म्हणजे आम्ही विसरलो. तुला काय आठवतं ते मला माहीत नाही, कारण मीही विचारलं नाही.

त्या बसचालकाला आत नेलं आणि मी माझ्या खाटेवर एकटाच पाय हलवत बसलो. अर्ध्या तासाने तो चालत बाहेर आला. अंगठा वर केला आणि म्हणाला, या वेळी रस्ता डांबरी आहे.

मग माझी पाळी. अशी खोली तू पाहिलेली आहेस, तरी सांगतो, कारण तू ती कधी कुणाला सांगितली नाहीस. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, तोंड भिंतीकडे. भिंतीचा रंग फिका हिरवा, एका जागी पोपडा निघालेला. मागे सोनोग्राफीचं यंत्र, त्याची नळी कुठे जाते ते लिहिण्याची गरज नाही. सर्जनबाई मागून बोलत होत्या. मी वाट बघत होतो की आता मुंगी येणार. तर त्या म्हणाल्या की दोन्ही बाजूंना एकेक सुई आहे, पहिली टोचेल, औषध आत जाताना झोंबेल, मनात दहा आकडे मोजेपर्यंत राहील, मग थांबेल. त्यानंतर मी पाच मिनिटं काहीही करणार नाही, नुसती बसेन. खरं सांगू का, माझी पाचावर धारण बसली. अडतीस वर्षांत मी स्वतः एकाही माणसाला ‘दुखेल’ असं सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं की ते सांगितलं तर लोक खुर्चीतून उठून पळून जातील. मी पळालो नाही. (त्या अवस्थेत पळून जाण्यासारखं नव्हतंच काही, पण तेवढं श्रेय मला घेऊ दे.)

टोचलं. झोंबलं. मी दहा मोजले, त्यांतला सातवा जरा मोठ्याने मोजला. आणि थांबलं. अगदी त्यांनी सांगितलं तसं. मुंगीच्या जागी त्यांनी खरं सांगितलं होतं आणि खरं ठरलं, त्यामुळे पुढच्या गोष्टींवर माझा आपोआप विश्वास बसला. हे मला एकोणसत्तराव्या वर्षी, भिंतीकडे तोंड करून पडलेला असताना कळलं.

मग ती पाच मिनिटं. दवाखान्यात औषध चढायला दहा मिनिटं थांबावं असं मला कॉलेजात शिकवलं होतं. सुरुवातीला मी थांबायचो. मग बाहेरची गर्दी वाढली की सात, मग पाच, मग ‘चढलं असेल’ इथवर आलो. वर तोंडात आरसा, चिमटा आणि कापसाचे बोळे घालून विचारायचो की दुखतंय का? ज्याला बोलता येत नाही त्याने नाही म्हटलं, असं धरून पुढे जायचो. सर्जनबाई खरोखरच काही करत नव्हत्या. मागे स्टुलावर बसून सिस्टरशी बेसिनच्या गळक्या नळाबद्दल बोलत होत्या. मला राहवेना. मी भिंतीला विचारलं की आमच्याकडे ओठ जड झाला की कळतं, इथे कसं कळायचं? त्या म्हणाल्या, मी टोचून बघेन आणि विचारेन, तुम्ही सांगायचं.

पाच मिनिटांनी त्यांनी टोचून बघितलं. उजवीकडे मला जाणवलं. फार नाही, पण जाणवलं. आता माझ्या मागे दोन बायका, मी धंद्याने डॉक्टर, वयाने त्यांच्या वडिलांएवढा. मी म्हणालो, छे, काही नाही. त्या पुढे गेल्या नाहीत. सुई बाजूला ठेवली आणि म्हणाल्या,

“आजोबा, तुम्ही शूर आहात की बधिर झाला आहात, हे मला इथून कळत नाही. तुम्हालाच सांगावं लागेल.”

दादा, ‘आजोबा’ हा शब्द मला एरवी झोंबला असता. पण त्या वेळी नाही. मी भिंतीवरच्या पोपड्याकडे बघून म्हणालो, उजवीकडे थोडं दुखतंय. एवढंच वाक्य. अडुसष्ट वर्षं पूर्ण केलेल्या माणसाला ते बोलायला किती जड गेलं, ते लिहून कळायचं नाही. त्या ‘बरं’ म्हणाल्या, जराही कौतुक न करता आणि जराही न हसता, उजवीकडे आणखी थोडं औषध घातलं आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या. पुन्हा नळाचा विषय निघाला. तो नळ कधीपासून गळतोय, किती तक्रारी झाल्या, सगळं मला आता पाठ आहे.

त्यानंतरचे बारा खटके मी मोजले. खटक्याचा आवाज मोठा असतो, खेळण्यातल्या बंदुकीसारखा. पहिल्याला दचकलो. पण दुखणं असं नाही. शेजारच्या घराचं दार कुणी वाजवावं तसं. कुणीतरी आलंय, पण आपल्याकडे नाही. प्रत्येक खटक्याआधी त्या ‘आता’ म्हणायच्या आणि नंतर ‘झाला’. चौथ्यानंतर मी डोळे उघडले, आठव्यानंतर नळात वायसर बदलून बघा म्हणून सल्लासुद्धा दिला. बारा झाले. सिस्टरने एक कागद आणला आणि विचारलं की सर, शून्य ते दहामध्ये किती दुखलं? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. मी दोन सांगितलं. खरं तर दीड होतं, पण अर्ध्याचा रकाना नव्हता. त्यांनी दोनाला गोल केलं. प्रत्येकाला विचारतात म्हणे. दर महिन्याला बाई ते कागद काढून बघतात आणि कुणाचा आकडा मोठा असला तर का, ते शोधतात.

घरी येताना टॅक्सीवाल्याने एकही गतिरोधक सोडला नाही. बधिरपणा उतरत होता, आणि डांबरी रस्ताही शेवटी कुठेतरी संपतोच. घरी आलो तर तुझ्या भावजयीने माझ्या खुर्चीवर आधीच उशी ठेवलेली. संध्याकाळी लघवीला गेलो तर लाल. कागदावर लिहिलं होतं, दोनतीन दिवस लाल होईल, घाबरू नये, भरपूर पाणी प्यावं. सिस्टरनेही सांगितलं होतं. तरी मी न्हाणीघरात पालथ्या बादलीवर बसून राहिलो. बाहेरून तिने विचारलं, किती वेळ? मी म्हणालो, लाल आहे. ती म्हणाली, कागदात आहे. मी म्हणालो, कागदात आहे ते मला माहीत आहे, पण इथे लाल आहे. मग तिने दाराबाहेर स्टूल ओढलं आणि तिथेच बसून तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ झालं.

बादलीवर बसलो असताना मला हेच दिसत होतं की तूही बारा वर्षांपूर्वी आमच्या याच न्हाणीघरात लाल पाहिलं असशील. तुला कुणी कागद दिला होता का? तू बाहेर येऊन जेवायला बसलास आणि मी खिळ्याचा विनोद केला. तुला उशी दिली नाही. दादा, दातांच्या डॉक्टरला दुसऱ्याचं दुखणं ओळखता येत नसेल तर दुसरं काय येतं? मी त्या दिवसाबद्दल तुझी माफी मागतो. तू ‘असू दे रे’ म्हणशील, म्हणून आधीच सांगतो की असू द्यायचं नाही. माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. बारा वर्षं उशिरा विचारतोय. शून्य ते दहामध्ये किती दुखलं होतं? फोनवर एका शब्दात सांगितलंस तरी चालेल. तो शब्द ‘हं’ नसावा.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. तुझ्या लिफ्टा वर जात राहोत.

तुझा,
धाकटा

ता. क. : वर मी लिहिलं की हा मजकूर वहिनींच्या कानावर घालता येणार नाही. ते खोटं आहे. गेल्या आठवड्यात वहिनींचाच फोन आला होता. तुझा आकडा वर्षभरात दुपटीने चढला आहे, तुझ्या डॉक्टरांनी पुन्हा तुकडे काढून बघायला सांगितलं आहे, आणि तू तीनदा तारीख मोडलीस. पहिल्यांदा गुडघा, दुसऱ्यांदा खोकला, तिसऱ्यांदा शेजारच्या इमारतीची लिफ्ट अडकली म्हणून. लिफ्ट दुरुस्तीची माणसं दुसरीही असतात. ‘एकदा झालं तेवढं पुरे’ असं तू का म्हणतोस, ते वहिनींना कळत नव्हतं. मला कळलं. म्हणून एवढं लांबलचक लिहिलं. सर्जनबाईंशी बोललो आहे. पुढच्या महिन्यातला दुसरा बुधवार, सकाळी अकरा. आधी बधिर करतील, मग थांबतील, मग विचारतील, आणि तू सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. तुझा स्वभाव मी त्यांना सांगून ठेवला आहे. त्या म्हणाल्या, गप्प माणसाला मी दोनदा विचारते. त्याआधीच्या सोमवारी मी तुला न्यायला येतो. बाटली तोंडाने नाही, एवढं आत्तापासून लक्षात ठेव.

आणखी ता. क. : माझा रिपोर्ट आला. सगळं ठीक आहे. त्यावर बोलत बसायचं कारण नाही, आता तुझं बघायचं.

दादा, आता मी लिहितेय, तुमची भावजय. पाकीट पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय. चिकटवलेलं नव्हतं, असतं तरी मी उघडलं असतं. यांचा रिपोर्ट सगळा ठीक नाही. बारातल्या दोन तुकड्यांत सापडलंय. अगदी थोडं आणि सौम्य जातीचं आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ऑपरेशन नको, औषध नको, दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं. त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलं की असं घेऊन माणसं वीस वर्षं जगतात आणि शेवटी दुसऱ्याच कशाने तरी जातात. पण त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते यांनी पत्रात मुद्दाम गाळलंय. सख्ख्या भावाला सापडलं की दुसऱ्या भावाने तपासणी टाळायची नसते. तुम्हाला पटवायला चार पानं लिहिली, आणि जे एका ओळीत पटलं असतं तेवढंच लिहिलं नाही, कारण तुम्ही काळजी कराल.

वहिनींशी मी सकाळीच बोलले, त्यांना सगळं माहीत आहे. तुम्ही बुधवारसाठी या. न्यायला यायला यांना लावू नका, वहिनींना घेऊन तुम्हीच या, आणि झाल्यावर निदान पंधरा दिवस राहा. रिपोर्ट आल्यापासून हे घरात खूप गप्पा मारतात, दिवसभर काहीतरी हसण्यासारखं सांगत असतात. सकाळी मात्र फिरायला जातो म्हणून निघतात आणि कोपऱ्यावरच्या बाकावर तासभर बसून परत येतात. मी गच्चीतून बघते. मी बरोबर येते म्हटलं की नको म्हणतात. तुम्हाला नको म्हणणार नाहीत. तुम्ही काही बोलायची गरज नाही, तुमच्याइतकं न बोलता शेजारी चालणारं माणूस आमच्याकडे दुसरं नाही. येताना चालायचे बूट आणा.